एक तृतीयांश

काचघराची किल्ली एकोणीस वर्षं माझ्या खिशात.
मे महिन्यात बडोदं बाहेर करपत असतं,
आत फवाऱ्यांना खासी टेकड्यांचं सोंग आणावं लागतं.
घटपर्णी तिकडची. नळाचं पाणी तिला सोसत नाही,
म्हणून पत्र्यावरून ओघळलेलं पावसाचं पाणी
मी पिंपात भरून ठेवतो,
वर्षाचं लोणचं जपावं तसं.

मुलं दर वर्षी एकच विचारतात :
सुर्वेकाका, माशी पडली की झाकण मिटतं ना?
नाही. झाकण पावसासाठी.
एकदा उघडलं की उघडंच.
काठ ओला असतो, गोड असतो,
मुंगी चाटत चाटत येते, पाय सुटतो,
आतली भिंत मेणाची,
खाली रस, काडीने उचलला तर तार धरणारा,
एकतारी पाकासारखा.
मग काही घडत नाही.
म्हणजे दिसत नाही.

आपल्या विश्वामित्रीत मगरी आहेत,
त्यांचं जेवण पुलावरून लोक थांबून बघतात.
हिच्यापाशी कुणी थांबत नाही.
दात नाहीत, जीभ नाही,
मुळात हे एक पान,
टोकाशी पोट होऊन लोंबणारं.
शिकार पडली की रस आंबट होत जातो
आणि मुंगी आतून सैल होत होत
चार-सहा दिवसांत पानाचीच होते.
हेमांगिनी मॅडम म्हणाल्या,
हिचं पाचक आणि आपल्या जठरातलं
एकाच घराण्यातलं.

हे त्या म्हणाल्या
माझ्या ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात.

आता माझ्याकडे जठर एक तृतीयांश.
दिवसातून सात वेळा खायचं, चार-चार घास,
डबा काचघरातच ठेवतो.
मऊ खिचडी, तूप, कधी पातळ कढी.
ती तिचं खाते, मी माझं.
कोणी कोणाकडे बघत नाही.

सयाजी हॉस्पिटलला रक्त लागलं तेव्हा
मधूला निरोप गेला होता.
मांजलपूरहून रिक्षाने पंचवीस मिनिटं.
आमचा गट एकच, ओ निगेटिव्ह,
आईकडून आलेला.
तो आला अकराव्या दिवशी,
हातात सेव-उसळीचं पार्सल, वरून तर्री वेगळी बांधलेली,
लहानपणी आम्ही एका प्लेटीत खायचो ती.
माझ्या नाकात नळी.
खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला,
दादा, झालं ते पोटात घाल.

किती शिल्लक आहे
ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हसलो. टाके ओढले.
पार्सल वॉर्डबॉयने खाल्लं.

काल एक जुना घट वाळला, वरून तपकिरी झालेला.
प्रॅक्टिकलसाठी मी तो ब्लेडने उभा चिरला.
तळाशी बोटभर गाळ :
मुंग्यांची डोकी, माश्यांचे पंख, एका झुरळाचा पाय,
सगळं आतून रिकामं, बाहेरून शाबूत.
मांस गेलं, कवच राहिलं.
एका मुलीने नाक दाबत विचारलं,
काका, हे का नाही पचत?
पुस्तकात उत्तर आहे, मला माहीतही आहे.
पण माझ्या तोंडून निघालं,
सगळं पचलंच पाहिजे असं कुठाय.

शेजारच्या हिरव्या घटात
डासाच्या अळ्या वळवळत होत्या.
त्याच आंबटात जन्मलेल्या, तिथेच खाऊन-पिऊन,
त्यांना काही होत नाही.
जास्त भरवलं तर मात्र पान स्वतःच सडतं,
हे मी नव्या पोरांना बजावून सांगतो.
प्रेमानेसुद्धा दोन माश्या टाकायच्या नाहीत.

चारचे चार घास घेत होतो तेव्हा फोन वाजला.
मधू.
हात उष्टा होता.
वाजू दिला.
मग पिंपातलं पाणी तांब्यात घेतलं,
जे फक्त तिच्यासाठी असतं,
आणि त्याच पाण्याने हात धुतला.